मोठे टायर बसवले, लिफ्टही केली, तरी टायर घासतोच : पिकअपची क्रमवार तपासणी

पिकअपला मोठे टायर बसवणाऱ्यांची एक तक्रार वारंवार येते आणि तिचा क्रमही ठरलेला असतो. आधी रुंद, दणकट टायर येतात. ते वळणावर घासू लागतात. मग कोणीतरी दोन इंच लिफ्ट, म्हणजे गाडी तेवढी उंच करून घेण्याचा सल्ला देते. स्वस्तातले स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारे जाड तुकडे बसतात, उभी गाडी रुबाबदार दिसते आणि पहिल्याच घाटात टायर पूर्वीच्याच जागी घासतो. यानंतर मालक आणखी जाड स्पेसर शोधायला निघतो आणि मूळ दोष तसाच राहून त्यावर खर्चाचे थर चढत जातात. अशा गाड्या नीट करता करता माझे मत ठाम झाले आहे की, घासण्याच्या बहुतेक तक्रारी उंचीच्या नसून चाकाला मिळणाऱ्या जागेच्या असतात. म्हणून टायर नेमका कुठे घासतो हे कळल्यानंतरच लिफ्ट निवडावी.

हे लिहिताना मुख्यतः २०१६ पासून आपल्याकडे विकली जाणारी इसुझु डी-मॅक्स व्ही-क्रॉस समोर ठेवली आहे. तिला पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वरचे-खालचे दोन आर्म) व कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे आहेत. २०२२ मध्ये आलेल्या टोयोटा हायलक्सची रचनाही याच जातीची असल्याने तिलाही हे जवळजवळ सगळे लागू पडते. ज्या गाड्यांना पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणारा दांडा) किंवा पाटे आहेत त्यांच्या मालकांनी टायर आणि रिम यांविषयीचा भाग घ्यावा, पुढच्या स्प्रिंगविषयीचा सोडून द्यावा.

लक्षणे

स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी मागे घेताना खरखर येत असेल, तर टायर बहुधा चाकाच्या कमानीच्या मागच्या भागाला, म्हणजे दाराच्या बाजूच्या लायनरला (कमानीच्या आतल्या प्लॅस्टिकच्या अस्तराला) किंवा बॉडी माउंटला (बॉडी चासीला जोडणाऱ्या आधाराला) लागतो. पूर्ण वळवल्यावर आतून गुरगुर येत असेल आणि टायरच्या आतल्या भिंतीवर चकचकीत पट्टा दिसत असेल, तर तो अप्पर आर्मला किंवा स्टॅबिलायझर बारला (वळणावर गाडीचे कलणे रोखणाऱ्या दांड्याला) लागतो. सरळ रस्त्यावर गतिरोधक किंवा खड्डा आल्यावरच ‘खर्रर्र’ असा तुटक आवाज येत असेल, तर टायर वर जाऊन कमानीच्या छताला किंवा कडेला लागतो. ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत आणि त्यांतल्या फक्त शेवटच्याचा लिफ्टशी थेट संबंध पोहोचतो, तोही अर्धवट.

लिफ्टनंतर उद्भवणारी लक्षणे याहून निराळी असतात. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही, महामार्गावर गाडी भटकते, टायर एका कडेने लवकर झिजतो, गतिरोधक उतरताना पुढून ‘ठक्’ असा आवाज येतो, पुढच्या रिमच्या आतल्या बाजूला काळे ग्रीस उडालेले दिसते, किंवा जागेवरून गाडी उचलताना मधोमध खालून थरथर जाणवते. यांतील काही दिसत असेल, तर आणखी उंची वाढवण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा.

पहिली तपासणी : खडू, टॉर्च आणि अर्धा तास

लायनर, कमानीची कडा, बॉडी माउंटचे टोक आणि स्टॅबिलायझर बार यांवर पांढरा खडू जाडसर फासावा. मोकळ्या, सपाट जागी स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवून गाडी हळू पुढे व मागे घ्यावी आणि मग उजवीकडे वळवून तेच करावे. जिथला खडू पुसला तिथे टायर लागतो. पुढे जाताना आणि मागे येताना रबरी बुश वेगवेगळ्या दिशांना दबतात आणि त्यामुळे चाक किंचित पुढे-मागे सरकते, म्हणून दोन्ही दिशांची चाचणी आवश्यक आहे. नंतर हीच चाचणी एका पुढच्या चाकाखाली भक्कम रॅम्प किंवा शेताचा पक्का बांध घेऊन करावी, कारण सपाट जमिनीवर मोकळा फिरणारा टायर चाक वर दबले की अडकतो. ही तपासणी फुकट आहे आणि पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यावर अवलंबून आहे. तरीही लोक सर्वांत जास्त टाळतात ती हीच.

काळ्या मातीच्या भागातील गाड्यांसाठी एक वेगळी सूचना आहे. पावसाळ्यात कमानीच्या आत चिकण मातीचा थर बसतो, तो वाळून घट्ट होतो आणि त्याच्यावर टायर घासू लागतो. मराठवाड्यातून आलेल्या गाडीला लिफ्टचा सल्ला देण्याआधी आतून पाण्याचा फवारा मारून पाहावा.

दुसरी तपासणी : टायरवरचे आकडे आणि रिम

टायरच्या भिंतीवरील आकड्यांवरून त्याचा व्यास घरीच काढता येतो. २४५/७० आर १६ या जुन्या व्ही-क्रॉसच्या मूळ टायरची भिंत २४५ च्या ७० टक्के, म्हणजे १७१.५ मिमी भरते. तिची दुप्पट ३४३ आणि १६ इंचांच्या रिमचे ४०६.४ मिमी मिळून एकूण व्यास सुमारे ७४९ मिमी होतो. नंतरच्या गाड्यांवरील २५५/६० आर १८ चा व्यास सुमारे ७६३ मिमी आहे. २६५/७० आर १६ चा ७७७, २६५/७५ आर १६ चा ८०४ आणि २८५/७० आर १७ चा ८३१ मिमी. व्यासातील वाढीपैकी निम्मीच जमिनीपासूनच्या उंचीत मिळते, म्हणजे ७४९ वरून ८०४ वर गेलेल्या मालकाला प्रत्यक्षात सुमारे २७ मिमी मिळतात. उरलेली निम्मी वाढ कमानीच्या आत वरच्या बाजूला जाते आणि पुढे-मागेही तेवढीच जागा खाते. शिवाय कंपनीच्या आकड्याखाली प्रत्येक टायरची बांधणी वेगळी असते. मड-टेरेन, म्हणजे चिखलासाठीच्या टायरच्या खांद्यावरचे ठोकळे बाहेर आलेले असल्याने कागदावर सारखाच असलेला टायर प्रत्यक्षात अधिक जागा मागतो.

टायरइतकेच महत्त्व रिमच्या ऑफसेटला (हबला टेकणारा पृष्ठभाग रिमच्या मध्यरेषेपासून किती बाहेर आहे त्या मापाला; ते कमी तितके चाक बाहेर) आहे आणि माझ्या मते खरा घोळ येथेच होतो. बाहेर आलेले चाक दिसायला आक्रमक असते म्हणून कमी ऑफसेटचे अलॉय घेतले जातात. चाक बाहेर सरकले की स्टिअरिंग वळवताना टायरची कड मोठ्या वर्तुळात फिरते आणि कमानीच्या पुढच्या व मागच्या कोपऱ्यांना जाऊन भिडते. मूळ रिमवर विनातक्रार फिरणारा टायर अशा रिमवर हमखास घासतो. उलट, टायर आत अप्पर आर्मला लागत असेल तर थोडा कमी ऑफसेट उपयोगी पडतो. म्हणून खडूची खूण आत आहे की बाहेर हे आधी पाहावे. खूण बाहेर असेल तर मित्राकडून मूळ रिम मागून आणून त्यावर टायर चढवून पाहणे हा कोणत्याही लिफ्टपेक्षा स्वस्त प्रयोग आहे. सहा बोल्ट आणि १३९.७ मिमीचे वर्तुळ दोन्ही गाड्यांत सारखे असल्याने हायलक्सचे रिम इसुझुवर चढतात, पण मधल्या हबच्या छिद्राचे माप सारखे नसते. ते सैल राहिले की वेग वाढताच स्टिअरिंग थरथरते आणि दोष बॅलन्सिंगवर ढकलला जातो.

याच टप्प्यावर स्टेपनीही पाहावी. ती ट्रेखाली टांगलेली असते आणि मोठा टायर तिथे बसतोच असे नाही. चार मोठे आणि स्टेपनी लहान अशी जोडी ठेवली, तर पंक्चर झाल्यावर फोर-व्हील ड्राइव्ह वापरता येत नाही, कारण पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातील फरक ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर) ताण आणतो.

तिसरी तपासणी : सध्याची उंची आणि थकलेले स्प्रिंग

गाडी सपाट जागी उभी करून हबच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर चारही चाकांवर टेपने मोजावे. डाव्या-उजव्या बाजूंत लक्षात येण्याइतका फरक असेल, किंवा पुढचा भाग मूळ उंचीपेक्षा खाली आलेला असेल, तर ती गाडी लिफ्टची नव्हे, दुरुस्तीची आहे. थकलेल्या स्प्रिंगवर स्पेसर ठेवला तर उंची दिसते, पण वजन तोलण्याची ताकद परत येत नाही आणि गाडी प्रत्येक खड्ड्यात तळापर्यंत बसते. पुढे विंच किंवा लोखंडी बुल बार असेल तर त्याचे वजन स्प्रिंगवरच येते. तसा बुल बार मुळात नियमबाह्य आहे आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना त्यावर कारवाई करण्यास कळवले होते, त्यामुळे तो काढणे हाच पहिला आणि फुकटचा उपाय ठरतो.

चौथी तपासणी : लायनर, फ्लॅप आणि अलाइनमेंट

खडूची खूण प्लॅस्टिकच्या लायनरवर किंवा मागच्या फ्लॅपवर असेल, तर ते भाग मागे ओढून पक्के करणे, हीट गनने लायनरला आत दाबणे किंवा फ्लॅपचा कोपरा कापणे एवढ्याने काम भागते. मागे विजेच्या तारांचा जुडगा नाही याची खात्री केल्याशिवाय गरम करू नये. खूण बॉडी माउंटच्या लोखंडावर असेल तर ग्राइंडर हातात घेऊ नये. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

त्यानंतर अलाइनमेंटच्या दुकानात जावे आणि फक्त ‘टो’ (वरून पाहता चाके आत-बाहेर वळलेली आहेत का ते) बघून पाठवणाऱ्या दुकानात जाऊ नये. ज्या गाड्यांच्या लोअर आर्मला समायोजनाचे बोल्ट आहेत, त्यांत कास्टर (बाजूने पाहता चाक वळण्याच्या आसाचा मागे असलेला कल) वाढवताना चाकाचा खालचा भाग काही मिलिमीटर पुढे सरकतो. टायर मागच्या बाजूला, बॉडी माउंटपाशी, अगदी थोडा लागत असेल तर हे काही मिलिमीटर पुरतात आणि स्टिअरिंग परत सरळ होण्याची तक्रारही त्याच फटक्यात सुटते. लिफ्ट केल्यावर कास्टर सहसा कमी होतो, म्हणजे चाक मागे सरकते. लिफ्टनंतर टायर आधीपेक्षा जास्त घासू लागण्याचे एक कारण हे आहे आणि ते ऐकून बरेच मालक चकित होतात. अलाइनमेंटचे छापील आकडे, आधीचे आणि नंतरचे, मागून घ्यावेत. कास्टर मर्यादेत येतच नसेल तर लिफ्ट त्या आर्मच्या आवाक्याबाहेर गेलेली आहे, आणि मग बदली अप्पर आर्म किंवा कमी उंची एवढेच दोन मार्ग उरतात.

पाचवी तपासणी : स्पेसर खरोखर काय करतो

गाडी उभी असताना चाक आणि कमान यांतील अंतर ही दिखाऊ जागा आहे. खरा प्रश्न असा की, चाक पूर्ण वर दबल्यावर टायर कुठे पोहोचतो. हे स्प्रिंग ठरवत नाही; चासी आणि आर्म यांच्यामधला रबरी बंप स्टॉप ठरवतो. शॉकच्या वर बसवलेला स्पेसर संपूर्ण शॉक-स्प्रिंग खाली ढकलतो, पण बंप स्टॉप होता तिथेच राहतो. त्यामुळे मोठ्या खड्ड्यात चाक पूर्वी जितके वर जात होते तितकेच वर जाते आणि मोठा टायर कमानीला लागायचा तो लागतोच. फक्त तिथपर्यंत पोहोचायला आता मोठा धक्का लागतो. याहून वाईट म्हणजे शॉक खाली सरकल्याने बंप स्टॉप टेकण्याआधी शॉकच आतून तळाला आपटू शकतो, आणि दोन पावसाळ्यांत तेल गळू लागलेल्या शॉकमागे पुष्कळदा हेच कारण असते. बंप स्टॉपवर खडू फासून खराब रस्त्यावर फिरून यावे. खडू पुसलाच नाही आणि तरीही धाडकन आवाज आला, तर धक्का शॉक खात आहे.

खालच्या दिशेचे गणितही पाहावे लागते. डबल विशबोनमध्ये शॉक आर्मच्या मधल्या भागात बसतो, त्यामुळे वर २५ मिमीचा स्पेसर ठेवला की चाकाशी उंची जवळजवळ दुप्पट वाढते. ‘दोन इंचांचा स्पेसर’ म्हणून विकली जाणारी वस्तू दोन इंच जाड आहे की दोन इंच उचलते, हे विकत घेतानाच विचारावे. चाक लटकले की ते पूर्वीपेक्षा तेवढेच जास्त खाली जाते आणि बॉल जॉइंट, ब्रेक होस, स्टॅबिलायझर लिंक व सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकांना ताकद पोहोचवणारा सांधा) यांना न सोसणाऱ्या कोनात नेते. सांध्यावरच्या रबरी बूटच्या घड्या एकमेकींवर घासून फाटतात, ग्रीस बाहेर उडते, चिखल आत जातो. इसुझुच्याच हाय-लँडरसारख्या फक्त मागची चाके ओढणाऱ्या गाडीत पुढे अ‍ॅक्सलच नसल्याने निदान ही कटकट नाही. स्प्रिंगच्या आत ठेवायचा स्पेसर या बाबतीत सौम्य आहे, कारण शॉकची कमाल लांबी तीच राहते. मात्र गाडी उभी असतानाच शॉक जवळजवळ पूर्ण ताणलेला असल्याने गतिरोधक उतरताना तो वरच्या टोकाला आपटून ‘ठक्’ करतो. आवाज त्रासदायक वाटला तरी तो निमूटपणे फाटणाऱ्या बूटपेक्षा प्रामाणिक आहे.

सहावी तपासणी : मागची बाजू

मागे उंची मिळवण्यासाठी अ‍ॅक्सल आणि पाटे यांच्यामध्ये ठोकळा घालणे सर्वांत स्वस्त पडते. एक चांगला, धातूचा, कारखान्यात बनलेला ठोकळा चालतो. एकावर एक दोन ठोकळे, लाकडी ठोकळा, किंवा पुढच्या पाट्यांखाली ठोकळा हे तीनही प्रकार कोणत्याही भावात नाकारावेत. नवे यू-बोल्ट आवश्यक आहेत, जुने ताणलेले बोल्ट पुन्हा वापरू नयेत, आणि काहीशे किलोमीटर चालल्यावर ते टॉर्क रेंचने पुन्हा कसावेत. गाडी सतत वजन वाहत असेल, तर ठोकळ्यापेक्षा एक जादा पाटा घालणे योग्य. पण रिकामी फिरणारी गाडी त्याने टणक होते. पाट्यांचे आणि आर्मचे बुश-बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना कसावेत. चाक लटकलेले असताना कसले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि वर्षभरात फाटतो.

उंचीमुळे प्रॉपेलर शाफ्टचा (मागच्या अ‍ॅक्सलकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याचा) कोन बदलतो. जागेवरून उचलताना येणारी थरथर बहुधा त्याचीच असते. ती मधल्या बेअरिंगखाली योग्य जाडीचा तुकडा ठेवून किंवा ठोकळ्याखाली पाचर देऊन जाते. अनेक पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलला दांड्याने जोडलेला, भार ओळखणारा ब्रेक व्हॉल्व्ह असतो. मागची बाजू उचलली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि तो मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो. भरलेली गाडी घाट उतरत असताना ही चूक महाग पडते, म्हणून त्या दांड्याचे समायोजन झाले आहे का, हे बिल देण्यापूर्वी विचारावे.

मग निवड कशी करावी

७७७ मिमीच्या आसपासच्या टायरसाठी, म्हणजे २६५/७० आर १६ किंवा २६५/६० आर १८ साठी, मूळ रिम ठेवले तर बहुतेक वेळा लिफ्ट लागतच नाही. लायनरची थोडी जुळवाजुळव पुरते. ताम्हिणी, वरंधा किंवा कोकणातील जांभ्याच्या वाटा एवढाच वापर असेल, तर मी येथेच थांबण्याचा सल्ला देतो. ८०४ मिमीच्या टायरसाठी पुढे सुमारे ४० मिमी उंची, योग्य लांबीच्या शॉकसह बदललेले स्प्रिंग, लायनरची कापणी आणि अलाइनमेंट या चारही गोष्टी एकत्र लागतात. त्याचा खर्च स्पेसरच्या अनेक पट असतो. पैसे कमी असतील तर अर्धे काम करण्याऐवजी आधी मागची-पुढची शॉक-स्प्रिंग घ्यावी आणि टायर झिजेपर्यंत मूळ आकारावरच चालवावे. ८३१ मिमी हा स्वस्त लिफ्टचा विषयच नाही.

मोठ्या टायरची किंमत इतरत्रही मोजावी लागते. ७४९ वरून ८०४ वर गेल्यास स्पीडोमीटरवर ८० दिसताना चाके पूर्वीच्या हिशोबाने सुमारे ८६ ची धाव घेत असतात, आणि गिअर तेवढेच लांब झाल्याने घाटात भरल्या गाडीचा क्लच अधिक झिजतो. कायद्याची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील निर्मात्याच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका स्पष्ट केली, आणि कलम १८२-अ नुसार अशा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून आकार ठरवण्याआधी आपल्या आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी.

कुठे थांबावे

खडू, टेप, लायनर आणि रिम बदलून पाहणे ही मालकाची कामे आहेत. स्प्रिंग शॉकवरून उतरवण्याचे काम मात्र घरी करू नये. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस जायबंदी करण्याइतकी शक्ती असते, आणि साखळी किंवा दोर बांधून ते उघडणारा मिस्त्री दिसला तर गाडी परत आणावी. गाडीखाली जाताना जॅकवर विसंबू नये, घोडी (पक्का स्टँड) लावावी. बॉडी माउंट कापून पुन्हा वेल्डिंग करणे, चासीवर कोणतेही वेल्डिंग, ब्रेकच्या नळ्या लांबवणे आणि पुढचा डिफरन्शियल खाली उतरवणे ही कामे अनुभवी कार्यशाळेकडेच द्यावीत. फाटलेला बूट, ब्रेक होसवर ताण किंवा घासल्याची खूण, बॉल जॉइंटमध्ये ढिलेपणा, पाट्याला किंवा आर्मला तडा, अथवा ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढली जाणे, यांपैकी काहीही आढळल्यास पुढची तपासणी थांबवावी आणि गाडी चालवत न नेता टोइंग करून न्यावी.

कार्यशाळेत गेल्यावर फक्त ‘लिफ्ट करा’ असे न सांगता खडूच्या खुणांची छायाचित्रे, चारही चाकांची मापे आणि अलाइनमेंटचा कागद दाखवावा, आणि चाक पूर्ण वर दाबून व पूर्ण वळवून टायर मोकळा असल्याचे गाडी ताब्यात घेण्याआधी प्रत्यक्ष दाखवण्यास सांगावे. जी कार्यशाळा हे करून दाखवण्यास टाळाटाळ करते, तिच्याकडून स्पेसरही घेऊ नये.